जनुकीय संकेताचा उलगडा : तर्क आणि परीक्षानळी (१९५३–१९६६)

१

सजीवाचे आनुवंशिक गुण न्यूक्लिइक अम्लांत साठविलेले असतात आणि ते प्रथिनांच्या द्वारे प्रकट होतात, हे विधान आता शालेय पाठ्यपुस्तकांतही आढळते. परंतु या विधानातील एका पदापासून दुसऱ्या पदापर्यंत पोहोचण्यास विज्ञानाला जो मार्ग आक्रमावा लागला तो सरळ नव्हता. १९५३ ते १९६६ या तेरा वर्षांच्या काळात हा प्रश्न दोन निरनिराळ्या वर्गांतील संशोधकांनी हाताळला. एका वर्गाने त्याकडे संकेतलिपीचे कोडे म्हणून पाहिले. दुसऱ्याने पेशीतील रासायनिक घडामोड म्हणून पाहिले. पहिल्या वर्गाने अत्यंत बुद्धिमत्तेने रचलेल्या एका उपपत्तीत जे अक्षरत्रिक निरर्थक ठरले होते, नेमक्या त्याच त्रिकाचा अर्थ १९६१ मध्ये सर्वांआधी लागला. ही घटना केवळ योगायोगाची होती, की प्रश्न ज्या रीतीने मांडला गेला त्या रीतीतच तिचे कारण होते, याचा शोध घेणे हे विज्ञानेतिहासाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

या काळाच्या प्रारंभी कोणत्या गोष्टी ज्ञात होत्या हे प्रथम पाहिले पाहिजे. बीडल व टेटम यांनी १९४१ मध्ये न्यूरोस्पोरा या बुरशीवरील प्रयोगांवरून असे दाखविले होते की, एका जनुकातील बिघाडामुळे पेशीतील एक विशिष्ट रासायनिक क्रिया बंद पडते. म्हणजेच जनुकाचा विकराशी, पर्यायाने प्रथिनाशी, निकटचा संबंध आहे. १९४४ मध्ये न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत अ‍ॅव्हरी, मॅक्लाऊड व मॅकार्टी यांनी न्यूमोकॉकस जीवाणूंचे आनुवंशिक रूपांतर घडविणारे द्रव्य म्हणजे डीएनए होय असे सिद्ध केले. ब्रसेल्स येथे ब्राशे आणि स्टॉकहोम येथे कॅस्परसन यांना असे आढळले होते की, ज्या पेशी विपुल प्रथिने बनवितात त्यांत आरएनए हे दुसरे न्यूक्लिइक अम्लही विपुल असते. केंब्रिज येथे सँगर यांनी इन्शुलिनमधील एकावन्न अमिनो अम्लांचा क्रम निश्चित करण्याचे काम चालविले होते व ते १९५५ मध्ये पूर्ण झाले. प्रथिनाचा प्रत्येक रेणू एका ठराविक क्रमाने गुंफलेला असतो, ही गोष्ट त्या कामाने निःसंदिग्धपणे प्रस्थापित केली.

एप्रिल १९५३ मध्ये वॉट्सन व क्रिक यांनी डीएनएच्या दुहेरी मळसूत्राकार रचनेचा निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर पाच आठवड्यांनी, ३० मे रोजी, प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या निबंधात त्यांनी क्षारकांचा क्रम हाच आनुवंशिक माहिती वाहून नेणारा संकेत असावा असे सुचविले. ‘संकेत’ हा शब्द येथे आला आणि पुढील काही वर्षांचा विचार त्याने आपल्या वळणावर नेला.

२

या सूचनेला पहिला प्रतिसाद मिळाला तो एका भौतिकशास्त्रज्ञाकडून. विश्वोत्पत्तीविषयीच्या संशोधनाकरिता प्रसिद्ध असलेले जॉर्ज गॅमॉव्ह यांनी तो निबंध वाचून लागलीच वॉट्सन व क्रिक यांना पत्र लिहिले आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये आपली उपपत्ती प्रसिद्ध केली. डीएनएच्या मळसूत्रावर क्षारकांच्या मध्ये चौकोनी आकाराच्या खाचा पडतात, त्या खाचांचे वीस प्रकार संभवतात आणि प्रत्येक प्रकारात एकेक अमिनो अम्ल नेमके बसते, असे त्यांचे म्हणणे होते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही कल्पना टिकण्यासारखी नव्हती. तथापि तिने प्रश्नाला अंकगणिताचे रूप दिले. अक्षरे चार आणि अमिनो अम्ले वीस. दोन-दोन अक्षरांचे गट केल्यास सोळाच गट होतात, तीन-तीन अक्षरांचे केल्यास चौसष्ट होतात. सोळा अपुरे पडतात. चौसष्ट फार होतात. चौसष्टांमधून वीस ही संख्या कशी निघावी, हा त्या काळच्या तर्कपंडितांपुढील मुख्य प्रश्न बनला.

गॅमॉव्ह यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये ‘आरएनए टाय क्लब’ नावाचे एक मित्रमंडळ स्थापन झाले. वीस अमिनो अम्लांना अनुसरून त्याचे सभासदही वीसच होते. आपले अपुरे विचार टंकलिखित टिपणांच्या रूपाने एकमेकांना कळवावेत, असा या मंडळाचा परिपाठ होता. क्रिक यांचे १९५५ मधील प्रसिद्ध टिपण याच मार्गाने प्रसृत झाले. त्यात त्यांनी असे दाखवून दिले की, न्यूक्लिइक अम्लाच्या पृष्ठभागावर अमिनो अम्ले ओळखू शकेल असे काहीही दिसत नाही. म्हणून प्रत्येक अमिनो अम्ल प्रथम एका मध्यस्थ रेणूशी जोडले जात असावे व तो मध्यस्थ क्षारकांच्या जोडणीने आपले स्थान शोधीत असावा. या मध्यस्थाला ‘अडॅप्टर’ असे नाव मिळाले.

गॅमॉव्ह यांच्या संकेतात शेजारशेजारचे गट काही अक्षरे समाईक वापरीत असत. अशा संकेतात प्रत्येक अमिनो अम्लाच्या शेजाऱ्यांवर बंधन पडणे अपरिहार्य असते. ज्ञात प्रथिनांत अमिनो अम्लांच्या कोणकोणत्या जोड्या आढळतात याची छाननी करून सिडनी ब्रेनर यांनी १९५७ मध्ये असे सिद्ध केले की, अशा प्रकारचा कोणताही त्रिकसंकेत संभवत नाही. याच वर्षी क्रिक, ग्रिफिथ आणि ऑर्गेल यांनी ‘स्वल्पविरामरहित संकेता’ची उपपत्ती मांडली.

या उपपत्तीचे सौंदर्य तिच्या साधेपणात आहे. त्रिके एकापुढे एक, कोणत्याही विरामचिन्हावाचून, लिहिलेली असतील तर वाचन कोठून सुरू करावयाचे हे कसे कळावे? याचे उत्तर असे की, योग्य ठिकाणी वाचली जाणारी त्रिकेच तेवढी अर्थपूर्ण असावीत आणि दोन त्रिकांच्या सांध्यावर पडणारी त्रिके निरर्थक असावीत. यू-यू-यू हे त्रिक अर्थपूर्ण मानल्यास यू-यू-यू-यू-यू-यू या ओळीत वाचनाची सुरुवात कोठे आहे हे ठरविता येणार नाही. म्हणून एकाच अक्षराची चार त्रिके प्रथमच वगळावी लागतात. उरलेली साठ त्रिके चक्राकार फिरविल्यास तीन-तीनांचे वीस गट पडतात. प्रत्येक गटातून एकच त्रिक अर्थपूर्ण असू शकते. म्हणजे अर्थपूर्ण त्रिकांची कमाल संख्या बरोबर वीस! निसर्गातील अमिनो अम्लांची संख्या अशा प्रकारे कोणत्याही प्रयोगावाचून हाती आली. इतक्या सहजतेने आलेले उत्तर असत्य असेल, असे अनेकांना वाटले नाही. मात्र न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की, ज्या गृहीतांवर ही मांडणी उभी आहे ती इतकी डळमळीत आहेत की केवळ तात्त्विक आधारावर तिच्याविषयी फारसा विश्वास वाटत नाही, अशी कबुली तिच्या जनकांनी त्याच निबंधात दिली होती.

३

या सर्व काळात बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत पॉल झॅमेकनिक आणि त्यांचे सहकारी उंदराच्या यकृतावर काम करीत होते. त्यांचा मूळ प्रश्न संकेताचा नव्हताच. कर्करोगाच्या पेशी अमर्याद वाढतात. वाढ म्हणजे मुख्यतः प्रथिनांची निर्मिती. म्हणून प्रथिने कशी बनतात हे समजून घेतले पाहिजे, असा त्यांचा विचार होता. युद्धोत्तर काळात किरणोत्सर्गी कार्बन संशोधनासाठी उपलब्ध झाल्याने त्यांना एक नवे साधन मिळाले. अमिनो अम्लावर अशा कार्बनची खूण करावयाची, ते यकृताच्या चिरडलेल्या पेशींच्या रसात मिसळावयाचे आणि काही वेळाने अम्लाने खाली बसणाऱ्या प्रथिनाच्या साक्यात किती किरणोत्सर्ग आला हे मोजावयाचे, अशी ही पद्धती होती.

पेशी फोडल्यानंतरही तिच्या रसात प्रथिने बनू शकतात, ही गोष्ट या प्रयोगशाळेने १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत निर्विवादपणे दाखविली. अपकेंद्रक यंत्राने त्या रसाचे घटक निरनिराळे करून पाहता असे आढळले की, ज्यांना पुढे रायबोसोम हे नाव मिळाले ते सूक्ष्म कण, विद्राव्य विकर आणि एटीपी हे ऊर्जाद्रव्य या तिन्हींची आवश्यकता असते. मॅलन होगलंड यांनी १९५५ च्या सुमारास अमिनो अम्ल प्रथम एटीपीच्या साहाय्याने ‘कार्यप्रवण’ होते असे दाखविले. त्यानंतर याच गटाला विद्राव्य भागात लहान आकाराचे एक आरएनए सापडले. खूण केलेले अमिनो अम्ल प्रथम या आरएनएला चिकटते व नंतर प्रथिनात जाते, असे त्यांच्या १९५८ मधील निबंधाने सिद्ध केले.

क्रिक यांनी कल्पिलेला मध्यस्थ तो हाच. त्याचा शोध मात्र ज्यांनी लावला त्यांना ते टिपण प्रयोगाच्या आरंभी ठाऊक नव्हते. वॉट्सन यांच्याकडून त्यांना त्याची माहिती नंतर मिळाली. उलटपक्षी, क्रिक यांच्या कल्पनेतील मध्यस्थ अगदी छोटा, कदाचित तीनच क्षारकांचा होता. प्रत्यक्षातील रेणू त्याच्या कितीतरी पट मोठा निघाला. रॉबर्ट हॉली यांनी १९६५ मध्ये यीस्टमधील अ‍ॅलनीनवाहक आरएनएची संपूर्ण रचना प्रसिद्ध केली, तेव्हा त्यात सत्त्याहत्तर घटक आढळले. मध्यस्थाच्या कार्याचा निर्णायक पुरावा १९६२ मध्ये मिळाला. शापव्हिल, लिपमन आणि सहकाऱ्यांनी सिस्टीन हे अमिनो अम्ल त्याच्या वाहकाशी जोडले जाऊ दिले आणि नंतर रासायनिक क्रियेने, वाहकाला धक्का न लावता, त्याचे अ‍ॅलनीनमध्ये रूपांतर केले. हे अ‍ॅलनीन सिस्टीनच्या जागी जाऊन बसले. रायबोसोम अमिनो अम्ल ओळखीत नाही. तो फक्त वाहक ओळखतो, हे यावरून स्पष्ट झाले. प्रथिनाच्या अचूकतेची जबाबदारी अशा रीतीने अमिनो अम्लाला त्याच्या योग्य वाहकाशी जोडणाऱ्या विकरांवर येऊन पडते.

४

तथापि एक दुवा अद्याप निखळलेला होता. जनुक डीएनएचे, प्रथिन बनते ते रायबोसोमवर. या दोहोंमध्ये संदेश कोण नेतो? १९६० पर्यंत सर्वसाधारण समजूत अशी होती की, प्रत्येक रायबोसोम स्वतःच्या आरएनएत एका प्रथिनाचा आराखडा कायमचा बाळगून असतो. पॅरिस येथील पास्चर संस्थेत पार्डी, जेकब व मोनो यांनी केलेल्या प्रयोगांशी या समजुतीचा मेळ बसेना. नर जीवाणूतून मादी जीवाणूत एखादे जनुक गेले की काही मिनिटांतच त्याचे विकर पूर्ण वेगाने बनू लागे. नवे रायबोसोम तयार होण्यास एवढा अवधी पुरेसा नव्हता.

१५ एप्रिल १९६० रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधील ब्रेनर यांच्या खोलीत ब्रेनर, क्रिक, जेकब आणि आणखी काही मंडळी या कोड्याची चर्चा करीत होती. चर्चेच्या ओघात व्होल्किन व अ‍ॅस्ट्रॅखन यांचे १९५६ मधील एक निरीक्षण त्यांना आठवले : जीवाणूला विषाणूची लागण होताच अल्पजीवी असे एक आरएनए तयार होते आणि त्यातील क्षारकांचे प्रमाण विषाणूच्या डीएनएसारखे असते. हेच संदेशवाहक आरएनए, आणि रायबोसोम म्हणजे कोणताही संदेश वाचणारे सामान्य यंत्र, ही गोष्ट त्या क्षणी स्पष्ट झाली. त्याच उन्हाळ्यात ब्रेनर, जेकब व मेसेलसन यांनी कॅलिफोर्नियात प्रयोग करून तिला पुष्टी मिळविली आणि मे १९६१ मध्ये तो निबंध, वॉट्सन यांच्या गटाच्या समांतर निबंधासह, प्रसिद्ध झाला. व्होल्किन व अ‍ॅस्ट्रॅखन यांच्या निरीक्षणाला त्याचा खरा अर्थ मिळण्यास अशी चार वर्षे लागली, कारण तोपर्यंत तो अर्थ सामावून घेईल असा प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

५

संदेशवाहकाचा निबंध प्रसिद्ध होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तोच अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एका प्रयोगाने संकेताचे पहिले अक्षरत्रिक उलगडले. मार्शल निरेनबर्ग आणि जर्मनीहून आलेले हाइन्रिख मॅथेई हे दोघे तरुण संशोधक केंब्रिज-पॅरिसच्या वर्तुळाबाहेरचे होते. बॉस्टन येथे विकसित झालेली पेशीरहित पद्धती त्यांनी ई. कोलाय या जीवाणूच्या रसावर वापरली आणि बाहेरून घातलेल्या आरएनएमुळे प्रथिननिर्मिती वाढते हे दाखविले. त्यानंतर त्यांनी नैसर्गिक आरएनएऐवजी केवळ यू या एकाच क्षारकाचे बनविलेले कृत्रिम आरएनए घालून पाहिले. असे कृत्रिम आरएनए बनविणे शक्य झाले होते ते १९५५ मध्ये ओचोआ यांच्या प्रयोगशाळेत ग्रुनबर्ग-मानागो यांनी शोधलेल्या एका विकरामुळे.

निरेनबर्ग त्या वेळी बर्कली येथे गेले होते. २७ मे १९६१ च्या पहाटे मॅथेई यांना आढळले की, वीस अमिनो अम्लांपैकी एकच, फेनिलअ‍ॅलनीन, साक्यात उतरले आहे आणि तेही साध्या मिश्रणातील प्रमाणाच्या शेकडो पट. यूंची अखंड मालिका फेनिलअ‍ॅलनीनची अखंड मालिका बनविते. संकेत त्रिकांचा असेल तर यू-यू-यू म्हणजे फेनिलअ‍ॅलनीन. स्वल्पविरामरहित संकेतात हेच त्रिक सर्वप्रथम वगळले गेले होते. ऑगस्ट १९६१ मध्ये मॉस्को येथील जीवरसायनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निरेनबर्ग यांनी आपला निबंध मोजक्या श्रोत्यांपुढे वाचला. मेसेलसन यांच्याकडून त्याचे महत्त्व कळताच क्रिक यांनी तो मोठ्या सभेपुढे पुन्हा वाचला जाईल अशी व्यवस्था केली. आपली उपपत्ती ज्या शोधाने मोडीत काढली त्यालाच व्यासपीठ मिळवून देण्याची ही कृती विज्ञानाच्या शिष्टाचाराचा उत्तम दाखला आहे.

या यशात दैवाचाही वाटा होता. नैसर्गिक संदेशाच्या प्रारंभी एक विशिष्ट आरंभसूचक त्रिक लागते. यूंच्या मालिकेत ते नाही. प्रयोगातील मिश्रणात मॅग्नेशियमचे प्रमाण पेशीतील प्रमाणापेक्षा जास्त होते म्हणूनच रायबोसोमने ती मालिका आरंभसूचनेवाचून वाचली. तसेच ए या क्षारकाच्या मालिकेने लायसीनची साखळी बनते. परंतु साका मिळविण्यासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या अम्लात ती विरघळून जाते. आरंभ ए पासून झाला असता तर नळीत प्रथिन तयार होऊनही मोजणीत काहीच उतरले नसते.

संकेत त्रिकांचाच आहे याचा पुरावा मात्र दुसऱ्याच मार्गाने आला. डिसेंबर १९६१ मध्ये क्रिक, ब्रेनर, बार्नेट आणि वॉट्स-टोबिन यांनी टी-४ विषाणूच्या एका जनुकातील उत्परिवर्तनांचे संकर प्रसिद्ध केले. एक अक्षर अधिक झाल्यास किंवा एक कमी झाल्यास पुढील सर्व वाचन बिघडते; परंतु तीन अक्षरे अधिक झाल्यास जनुकाचे कार्य पुन्हा बव्हंशी पूर्ववत होते. एकही रेणू न तपासता, केवळ संकर आणि तर्क यांच्या बळावर, वाचन ठराविक ठिकाणी सुरू होऊन तीन-तीन अक्षरांनी पुढे जाते असे त्यांनी सिद्ध केले.

६

पुढील पाच वर्षांचे काम चिकाटीचे होते. ओचोआ आणि निरेनबर्ग यांच्या प्रयोगशाळांनी मिश्र क्षारकांची आरएनए वापरून त्रिकांतील अक्षरे ठरविली. पण त्या पद्धतीने अक्षरांचा क्रम कळत नसे. १९६४ मध्ये निरेनबर्ग व फिलिप लेडर यांना असे आढळले की, केवळ तीन क्षारकांचा तुकडासुद्धा रायबोसोमला योग्य तो वाहक आरएनए चिकटवू शकतो. रायबोसोम गाळणीवर अडकतो, मोकळा वाहक गळून जातो. त्यामुळे गाळणीवरील किरणोत्सर्ग मोजला की त्रिकाचा अर्थ कळे. याच सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठात हर गोविंद खोराना यांनी ज्ञात क्रमाची आरएनए तयार केली. पंजाबातील रायपूर गावी १९२२ मध्ये जन्मलेल्या आणि लाहोर येथे शिकलेल्या खोराना यांचे बळ सेंद्रिय रसायनात होते. यू आणि सी यांची आलटून-पालटून येणारी मालिका वाचली जाता सेरीन व ल्युसीन आलटून-पालटून गुंफले जातात, हे त्यांच्या गटाने दाखविले. त्रिकसंकेताचा याहून सरळ रासायनिक पुरावा मिळणे कठीण.

काही त्रिके कोणत्याच अमिनो अम्लाची सूचना देत नाहीत, ही गोष्ट जनुकशास्त्राकडून आली. अशा ‘निरर्थक’ उत्परिवर्तनांचा परिणाम दुसऱ्या एखाद्या जनुकातील बदलाने दूर होऊ शकतो, हे दाखविणाऱ्या १९६२ मधील संशोधनांत अमेरिकेत अ‍ॅलन गॅरेन आणि ओबेद सिद्दिकी यांनी केलेले कामही होते. त्याच वर्षी सिद्दिकी मुंबईस आले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवविज्ञानाचा विभाग त्यांनी उभा केला. पुढे ही त्रिके म्हणजे साखळी संपल्याची खूण होय असे सिद्ध झाले.

१९६६ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे भरलेल्या परिषदेच्या वेळी संकेताचा तक्ता जवळजवळ पूर्ण झाला होता. चौसष्टांपैकी एकसष्ट त्रिके अमिनो अम्लांची आणि तीन समाप्तीची. ल्युसीन, सेरीन आणि आर्जिनीन यांना प्रत्येकी सहा त्रिके. मेथायोनीन व ट्रिप्टोफॅन यांना प्रत्येकी एकच. चौसष्टांतून वीस कसे निघतात या प्रश्नाला कोणतेही सुबक गणिती उत्तर नव्हते. १९६८ मध्ये हॉली, खोराना व निरेनबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीरहित पद्धतीचा पाया घालणारे झॅमेकनिक आणि २७ मेच्या पहाटे नळ्या हाताळणारे मॅथेई यांची नावे त्यात नव्हती.

७

या इतिहासावरून तर्कावर प्रयोगाचा विजय झाला असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो अर्धसत्य आहे. अडॅप्टरची कल्पना, संदेशवाहकाची कल्पना आणि त्रिकवाचनाचा सिद्धांत ही तिन्ही तर्काची फळे होत आणि तिन्ही टिकली. जे टिकले नाही ते म्हणजे कोणत्या त्रिकाचा अर्थ काय हे विचाराने काढता येईल, हा विश्वास. या दोहोंतील भेद असा की, पहिल्या तिन्ही गोष्टी यंत्रणेविषयीच्या होत्या. एखादे कार्य व्हावयाचे तर काय असलेच पाहिजे, हे तर्काला सांगता येते. तक्ता ही मात्र आवश्यकतेची बाब नव्हती. क्रिक यांनीच १९६८ मध्ये असे सुचविले की, जीवसृष्टीच्या प्रारंभी काहीशा योगायोगाने ठरलेली ही वाटणी पुढे गोठून गेली, कारण तीत बदल झाल्यास सर्वच प्रथिने एकदम बिघडली असती. १९७९ मध्ये मानवी मायटोकाँड्रियात एक समाप्तित्रिक ट्रिप्टोफॅनचे म्हणून वाचले जाते असे आढळले आणि ही वाटणी सर्वस्वी अटळ नाही हे दिसून आले.

‘संकेत’ या शब्दाने संशोधकांना एक अत्यंत फलदायी प्रश्न दिला. त्याचबरोबर संकेत रचणाऱ्याच्या ठिकाणी जी काटकसर आणि शिस्त अपेक्षित असते, ती पेशीच्या ठिकाणीही असेल अशी अपेक्षाही दिली. वीस ही संख्या हाती येताच ती अपेक्षा पुराव्याच्या जागी जाऊन बसली. यकृताचा रस ढवळणाऱ्या जीवरसायनज्ञांना अशी अपेक्षा नव्हती. परंतु त्यांच्या नळीत काय घातले असता निर्णायक उत्तर मिळेल, हे कळण्यास संदेशाची कल्पना मनात असावी लागली. निरेनबर्ग व मॅथेई यांच्या हाती या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. रायबोसोमची अणुस्तरीय रचना २००० मध्ये स्पष्ट झाली आणि अमिनो अम्लांना जोडण्याचे कार्य त्यातील प्रथिने करीत नसून आरएनएच करते असे दिसून आले, तेव्हाही ती गोष्ट कोणत्या अंकगणितातून निघाली नाही. स्फटिकांवर अनेक वर्षे घेतलेल्या परिश्रमांतून ती निघाली.

इतिहासकाराने या प्रकरणाकडे पाहताना स्वल्पविरामरहित संकेताला केवळ चूक म्हणून बाजूस सारू नये. यू-यू-यू या त्रिकाला अर्थ नाही असे निश्चितपणे म्हणणारी उपपत्ती अस्तित्वात होती, म्हणूनच त्या त्रिकाचा अर्थ लागताच तिचा निकाल एका प्रयोगात लागला. जी उपपत्ती स्वतःला खोटे ठरविण्याची जागा इतक्या स्पष्टपणे दाखवून ठेवते, तिच्या चुकण्यानेही ज्ञानाचा मार्ग थोडा मोकळाच होतो.